वाटा कुणाचा, हुकूम कुणाचा? आदिवासी मालकीच्या वीजप्रकल्पांविषयी वाचकांचे प्रश्न

पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या केंद्रांच्या) विहिरी यांच्यासाठी लागणारी बरीच जमीन जगभर मूलनिवासी समाजांच्या ताब्यात किंवा दाव्यात आहे. कॅनडा (तिथे अशा बहुतेक समाजांना ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणतात) आणि न्यूझीलंडमधल्या काही समाजांनी नुसते भाडे घेणे सोडून प्रकल्पाच्या मालकीतच वाटा घेतला. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. प्रकल्पांची नावे, वर्षे आणि क्षमता खऱ्या आहेत. जिथे ‘समजा’ म्हटले आहे, तिथले आकडे हिशेब समजावण्यापुरते धरलेले आहेत.

इथल्या नव्या पवनप्रकल्पांत निम्मी मालकी फर्स्ट नेशन्सची असते असे छापून येते. हा वाटा त्यांना फुकट मिळतो का? नसेल तर एवढा पैसा येतो कुठून?
— एक वाचक, बर्नबी (ब्रिटिश कोलंबिया)

फुकट मिळत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी वीजकंपनीने, म्हणजे बीसी हायड्रोने, २०२४ साली वीजखरेदीसाठी निविदा मागवल्या. प्रत्येक प्रकल्पात किमान २५ टक्के भागभांडवल फर्स्ट नेशन्सचे हवे, अशी त्यात अट होती. डिसेंबरात नऊ पवनप्रकल्प निवडले गेले आणि त्यांत हा वाटा ४९ ते ५१ टक्क्यांपर्यंत गेला. वीजखरेदीचे करार ३० वर्षांचे आहेत. अट घालणारा खरेदीदार सरकारी होता आणि अट निविदेतच होती, म्हणून विकासक स्वतःहून समाजांच्या दारात गेले. वाटाघाटी नंतर कधीतरी करू असे ठेवले असते तर हे आकडे दिसले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पैशाचे पाहू. समजा, प्रकल्पाचा खर्च ३० कोटी डॉलर आहे. बँका साधारण पाऊण हिस्सा कर्ज देतात, म्हणजे २२.५ कोटी. उरलेले ७.५ कोटी हे भागभांडवल. त्याचे ५१ टक्के म्हणजे ३ कोटी ८२ लाख ५० हजार डॉलर समाजाला उभे करायचे आहेत. शिल्लक गंगाजळी नसलेल्या समाजाला हे पैसेही कर्जानेच उभारावे लागतात. एका कर्जावर दुसरे कर्ज चढते आणि सगळी मेख या दुसऱ्या कर्जाच्या व्याजदरात असते.

समजा, भागभांडवलावर दरसाल १० टक्के परतावा येतो, म्हणजे ३८ लाख २५ हजार. कर्ज २५ वर्षांच्या समान हप्त्यांचे आणि व्याज ९ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ३८ लाख ९० हजार बसतो. समाजाच्या हाती काहीच येत नाही, उलट खिशातून भर घालावी लागते. तेच व्याज ५ टक्के असेल तर हप्ता सुमारे २७ लाख १० हजार होतो आणि दरसाल ११ लाखांच्या वर उरतात. हा फरक सरकारी कर्जहमीमुळे पडतो. सरकार पैसे देत नाही. समाजाने हप्ता चुकवला तर आपण भरू, एवढेच लिहून देते, आणि बँक तेवढ्यावर दर उतरवते. ओंटारिओ प्रांताने अशी हमी २००९ पासून द्यायला सुरुवात केली. अल्बर्टाने २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढले. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी डॉलरची योजना आणली आणि २०२५ मध्ये तिची मर्यादा दुप्पट केली.

बिघडते कुठे? प्रकल्पात पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी देखभाल, विमा आणि कर, मग मुख्य बँकेचा हप्ता, मग राखीव निधी, आणि सगळ्यांत शेवटी मालकांचा लाभांश. समाजाच्या कर्जाचा हप्ता या शेवटच्या पैशातून जायचा असतो. मुख्य बँकेची अट असते की उत्पन्न हप्त्याच्या ठरावीक पटीत, समजा १.२ पट, नसेल तर लाभांश अडवून ठेवायचा. एखाद्या वर्षी वारा कमी पडला की लाभांश अडतो, पण समाजाचा हप्ता थांबत नाही. म्हणून समाजाच्या कर्जात तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्या लागतात. किमान सहा महिन्यांच्या हप्त्याएवढा राखीव निधी हवा. लाभांश अडला तर हप्ता पुढे ढकलण्याची मुभा हवी. आणि हप्त्यांचे गणित सरासरी वाऱ्यावर न बांधता दहापैकी नऊ वर्षे हमखास मिळेल अशा कमी अंदाजावर बांधलेले हवे. विकासकाच्या सादरीकरणात बहुधा सरासरीचाच आकडा ठळक असतो. दुसरा आकडा मागून घ्यावा.

समाजाकडे हजारो एकर जमीन असते. ती तारण ठेवून कर्ज का काढत नाहीत? आम्ही बँकवाले हाच प्रश्न आधी विचारू.
— एक वाचक, नागपूर

कारण ती जमीन तारण ठेवताच येत नाही. कॅनडाच्या इंडियन ॲक्टच्या (तिथल्या मूलनिवासींविषयीच्या कायद्याच्या) कलम ८९ नुसार राखीव क्षेत्रातल्या मालमत्तेवर बाहेरच्या धनकोला बोजा चढवता येत नाही की जप्ती आणता येत नाही. ही तरतूद जमीन वाचवण्यासाठी आहे आणि ती राहावी. पण तिच्यामुळे बँकेचा नेहमीचा रस्ता बंद होतो. आपल्याकडेही तसेच आहे. वनहक्क कायदा, २००६ मधल्या कलम ४(४) नुसार मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

कॅनडात यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वर सांगितलेल्या हमीची. दुसरी, अनेक समाजांनी एकत्र येऊन रोखे काढण्याची. फर्स्ट नेशन्स फायनान्स ऑथॉरिटी ही संस्था सभासद समाजांचे उत्पन्न तपासते, एकत्रित रोखे बाजारात विकते आणि तो पैसा त्यांना लांब मुदतीने देते. तिथे तारण जमिनीचे नसते, येणाऱ्या उत्पन्नाच्या प्रवाहाचे असते. तुमच्या शाखेत असा प्रस्ताव आला तर जमिनीच्या मूल्यांकनात वेळ घालवू नका. वीजखरेदी करार कुणाशी आहे, किती वर्षांचा आहे आणि पैसे वेळेवर येतात का, हे तपासा.

५१ टक्के म्हणजे बहुमत. मग निर्णयही समाजाचेच, असे समजायचे का?
— एक सनदी लेखापाल, पुणे

तसे समजून सही केली तर फसगत होते. असे प्रकल्प बहुधा मर्यादित भागीदारीच्या रूपात असतात. त्यात पैसे घालणारे भागीदार वेगळे आणि कारभार पाहणारा भागीदार वेगळा. समाजाचे ५१ टक्के पहिल्या खात्यात असतात आणि कारभार पाहणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळात पाचपैकी दोनच जागा, असे सहज घडू शकते. म्हणून टक्क्यांआधी संचालकांची संख्या वाचा. त्यानंतर कोणत्या निर्णयांना समाजाची संमती अनिवार्य आहे ती यादी वाचा. वार्षिक अंदाजपत्रक, नवे कर्ज, प्रकल्पाची विक्री, वीजखरेदी करारातला बदल, यंत्रांचे आयुष्य वाढवणे किंवा ती काढून टाकणे, आणि विकासकाच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेले कोणतेही काम, एवढे तरी त्या यादीत हवे.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत महागात पडतो. देखभालीचे, व्यवस्थापनाचे आणि हिशेब ठेवण्याचे कंत्राट विकासकाच्या उपकंपनीकडे असते. तिचा दर वाढवला की नफा वाटपापर्यंत पोहोचतच नाही, खर्चाच्या रकान्यातच संपतो. कागदावर समाजाचा वाटा एका टक्क्यानेही कमी झालेला नसतो. उपाय असा: हे दर बाजारभावाशी ताडून पाहण्याचा आणि लेखापरीक्षक नेमण्याचा हक्क समाजाला हवा, आणि ते कंत्राट रद्द करायचे की नाही यावर मतदान होईल तेव्हा विकासकाला मत नसावे.

दुसरे कलम वाटा पातळ होण्याचे. बांधकामाचा खर्च वाढला की सगळ्या मालकांकडून जादा पैसे मागितले जातात. समाजाने ते मुदतीत दिले नाहीत तर, समजा, ५१ चे ३८ होतात. यासाठी बरेच समाज वाटा घेण्याचा हक्क आधी लिहून घेतात आणि प्रत्यक्ष पैसे वीज सुरू झाल्यावर भरतात. बांधकामाची जोखीम मग विकासकाकडे राहते. अर्थात तेव्हा भाव कोणता धरायचा तेही आधीच ठरलेले हवे. मूळ खर्च अधिक ठरलेले व्याज, असे सूत्र बरे. ‘त्या वेळचा बाजारभाव’ लिहिला तर चालता प्रकल्प महाग पडतो.

चांगली उदाहरणे आहेत. ओंटारिओतला हेन्वी इनलेट हा ३०० मेगावॉटचा पवनप्रकल्प २०१९ पासून सुरू आहे. त्यात समाजाची कंपनी आणि विकासक निम्मे-निम्मे भागीदार झाले. वातायनिकानेयाप पॉवर तर वीजवाहिन्यांची कंपनी आहे. २४ फर्स्ट नेशन्सकडे ५१ टक्के मालकी, सुमारे १,८०० किलोमीटर वाहिनी, आणि तोवर डिझेलवर चालणारी १७ दुर्गम गावे वीजजाळ्याला जोडण्याचे काम. वाहिनीचा वाटा पवनचक्कीपेक्षा सुरक्षित असतो, कारण तिचे उत्पन्न नियामक आयोग ठरवतो, वारा ठरवत नाही. निवड करायची वेळ आली तर पहिला वाटा वाहिनीत घ्यावा, असे आम्ही सुचवू.

डिझेलवर चालणाऱ्या गावांत सौर प्रकल्प बसवूनही पाव हिस्साच वीज सूर्याची असते, असे वाचले. बाकीचे का नाही?
— एक विद्युत अभियंता, नाशिक

दोन प्रकल्प घेऊ. अल्बर्टातल्या फोर्ट चिपेवायनमध्ये तीन समाजांच्या थ्री नेशन्स एनर्जी या कंपनीचा २.२ मेगावॉटचा प्रकल्प २०२० मध्ये पूर्ण झाला. गावाची साधारण २५ टक्के गरज त्यातून भागते आणि वर्षाला सुमारे ८ लाख लिटर डिझेल वाचते. युकॉनमधले ओल्ड क्रो हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे आणि तिथे रस्ता जात नाही. वुंटुट ग्विचिन समाजाचा तिथला ९४० किलोवॉटचा प्रकल्प वर्षाला सुमारे १ लाख ८९ हजार लिटर डिझेल वाचवतो. तीही जवळपास चौथ्या हिश्शाची गरज.

पहिले कारण ऋतूचे आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य जवळजवळ मावळत नाही, पण वीज जास्त लागते ती हिवाळ्यात, अंधारात. दुसरे कारण इंजिनाचे. डिझेल जनरेटर क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली फार वेळ चालवला की इंधन पुरते जळत नाही, धुराड्यात आणि तेलात काजळी साचते आणि दुरुस्ती वाढते. म्हणून भर दुपारी ऊन असूनही जनरेटर किमान भारावर चालू ठेवावा लागतो आणि सौर इन्व्हर्टरला मागे खेचावे लागते. बॅटरी आणि जाळ्याचा व्होल्टेज, वारंवारता स्वतः धरून ठेवणारा इन्व्हर्टर असेल तर जनरेटर पूर्ण बंद करता येतो. ओल्ड क्रोमध्ये उन्हाळ्यात ते होते. पॅनेलचे क्षेत्र वाढवण्याआधी बॅटरी आणि लहान क्षमतेचा एक जादा जनरेटर घ्यावा. क्रम उलटा झाला की पॅनेलची वीज वाया जाते.

अशा गावांत वीजदर ठरवताना वाचलेल्या डिझेलची किंमत धरतात. विमानाने किंवा बर्फाच्या रस्त्याने आलेले डिझेल भयंकर महाग असते, म्हणूनच एवढा छोटा प्रकल्पही फेडता येतो.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची स्वतःची वीजनिर्मिती आहे का?
— एक वाचक, ऑकलंड

आहे, आणि कॅनडातल्या बहुतेक प्रकल्पांच्या आधीपासून. तौपोजवळच्या मोकाई इथल्या भूऔष्णिक केंद्राची ७५ टक्के मालकी तुआरोपाकी ट्रस्टची आणि २५ टक्के मर्क्युरी या वीजकंपनीची. ते २०००मध्ये सुरू झाले, पुढे वाढवले आणि आज सुमारे ११२ मेगावॉटचे आहे. शेकडो वारसांची सामाईक जमीन १९९३च्या माओरी भूमी कायद्याखालच्या ट्रस्टने सांभाळायची, जमीन विकायची नाही, नफा ट्रस्टमध्ये, अशी रचना आहे. ट्रस्ट विजेवर थांबला नाही. तिथली उष्णता हरितगृहांना जाते, आणि २०११ पासून मिराका हा दूध भुकटीचा कारखाना त्याच वाफेवर चालतो. विजेचा दर पडला तरी टोमॅटो आणि दूध आहेच. आदिवासी मालकीच्या प्रकल्पांत आम्हाला सगळ्यांत भावलेली रचना ही.

वाटा दिला की विरोध मिटतो का?
— एक वाचक, नंदुरबार

नाही. संमती आधी लागते. नॉर्वेत फोसेन द्वीपकल्पावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये परवाने अवैध ठरवले, कारण तिथल्या मूलनिवासी सामी लोकांच्या रेनडिअर पालनावर, म्हणजे त्यांच्या संस्कृतीवर घाला येत होता. समझोते व्हायला डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ उजाडले. केनियात ३१० मेगावॉटच्या लेक तुर्काना प्रकल्पाच्या जमिनीचे दस्त न्यायालयाने २०२१ मध्येच नियमबाह्य ठरवले, तेव्हा ३६५ पवनचक्क्या केव्हाच फिरत होत्या. चराईची वाट, देवाची जागा, पाण्याचा झरा यांची भरपाई टक्केवारीने होत नाही. नकाशावर आधी ही ठिकाणे आखून वगळावीत, मग वाट्याची बोलणी करावीत.

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. एक कंपनी सौर प्रकल्पासाठी जागा मागते. आम्ही स्वतः मालक होऊ शकतो का? काय काय बघायचे?
— ग्रामसभेचे सदस्य, एटापल्ली तालुका (गडचिरोली)

जागा कोणत्या प्रकारची आहे तेथून सुरुवात करा. सामूहिक वनहक्काची जमीन वनच राहते. तिच्यावर मोठा व्यापारी प्रकल्प उभारायचा तर १९८० च्या वन अधिनियमाखाली केंद्राची मंजुरी लागते आणि तुमच्या ग्रामसभेची संमतीही. कंपनीचा माणूस ‘वरून मंजुरी आली आहे’ म्हणाला तर कागद मागा. गावाच्या स्वतःच्या सोयीसाठी वेगळी वाट आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मधल्या १३ सुविधांत अपारंपरिक ऊर्जाही आहे. प्रत्येक सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एक मेगावॉटला पावणेदोन-दोन हेक्टर लागतात, म्हणजे एका हेक्टरच्या आतल्या जागेतही गावाची पिठाची गिरणी, पाणीपंप, शीतगृह आणि दिवे आरामात चालतील. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ३९ घरांसाठी ९.४ किलोवॉटचे सूक्ष्मजाळे (गावापुरते वीजजाळे) गावाच्या ताब्यात चालू झाले. अशा ठिकाणी घरोघर मीटर आणि दरमहा वसुली लागतेच, कारण शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या पाच-सात वर्षांत बदलाव्या लागतात. वसुली थांबली की बॅटरीबरोबर प्रकल्पही संपतो.

जमीन सातबाऱ्यावरची, आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ पाहा. बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून लांब मुदतीला राज्य शासनाची मान्यता. २५ वर्षांचा करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून देऊ नका.

मालकीचा हिशेब मोकळेपणाने मांडतो. समजा, एक मेगावॉटला ४ कोटी लागले, त्यातले २ कोटी ८० लाख १० टक्के व्याजाने १५ वर्षांचे कर्ज. वर्षाला १६ लाख युनिट आणि दर ३ रुपये धरला तर ४८ लाख येतील. हप्ता सुमारे ३६ लाख ८० हजार, देखभाल आणि विमा ५ लाख. उरले ६ लाख २० हजार. जमीनधारकांना शासनाच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या दराने, हेक्टरी सव्वा लाखाने, दोन हेक्टरचे अडीच लाख दिले की पावणेचार लाखही राहत नाहीत, आणि तुमचे १ कोटी २० लाख त्यात अडकलेले. बँकेतली ठेव याहून बरी. पंधरा वर्षांनी हप्ते संपतात तेव्हा चित्र पालटते, पण तोवर दहाव्या-बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलण्याचा खर्चही येऊन गेलेला असतो. म्हणून स्वतःच्या भांडवलासाठी अनुदान किंवा स्वस्त निधी हाती नसेल तर संपूर्ण मालकीच्या मागे लागू नका. भाडे अधिक २६ टक्के वाटा मागा. आपल्या कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात, त्यामुळे २६ टक्क्यांवर असे ठराव अडवता येतात.

ग्रामसभेच्या नावावर भाग घेण्याऐवजी तिच्या ठरावाने सहकारी संस्था नोंदवा. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. केंद्राच्या कुसुम सौर योजनेच्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटच्या प्रकल्पासाठी सहकारी संस्था आणि पंचायतीही पात्र धरल्या आहेत, उपकेंद्रापासूनचे अंतर पाच किलोमीटरच्या आत हवे. सध्या अर्ज घेतात का ते महावितरणच्या मंडल कार्यालयात विचारा.

सही करण्याआधी उपकेंद्रात जाऊन एक कागद नक्की मिळवा: ज्या ११ केव्ही फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) प्रकल्प जोडायचा, त्याच्या मागच्या वर्षभरातल्या दिवसाच्या बंदची नोंद. फीडर बंद पडला की सुरक्षेसाठी इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो, आणि ऊन असूनही युनिट शून्य. दुपारी रोज सरासरी एक तास फीडर बंद राहिला तरी वर्षाच्या उत्पन्नातला दहावा-बारावा हिस्सा सहज जातो. वरच्या हिशेबातले उरलेले पैसे तेवढ्यातच संपतात. अशा बंदच्या वेळची न झालेली वीज मोजून तिचे पैसे मिळतील, हे कलम वीजखरेदी करारात आहे का ते वाचा. नसेल तर ३३ केव्ही बाजूला जोडणी मागा. खर्च वाढेल, पण गडचिरोलीतल्या लांबलचक जंगलातल्या फीडरवर तो करण्याजोगा आहे.